स्वयंपाकघराचे कोटेशन समजून घेताना

इंदुरात जुने घर सोडून फ्लॅटमध्ये जाणारी किंवा स्वयंपाकघर नव्याने करून घेणारी आपली अनेक कुटुंबे आहेत. घरात आपण ओटा, बिजागरी, माळा म्हणतो. सुतार प्लॅटफॉर्म, कब्जा, टांड म्हणतो. आणि कोटेशन येते इंग्रजी शब्दांत. अर्थ न कळता सही केली की पैसेही जातात आणि काम बिघडते. म्हणून नेहमीचे शब्द येथे देत आहोत.

कारकस : कपाटाचा आतला सांगाडा. शटर म्हणजे त्याचे दार, अर्थात पल्ला. दोन्हींचे प्लायवूड वेगळे असू शकते. म्हणून दोन्हींची प्रत विचारावी.

एमआर, बीडब्ल्यूआर, बीडब्ल्यूपी : प्लायवूडच्या प्रती. एमआर फक्त दमट हवा सोसते, पाणी नाही. सिंकखाली बीडब्ल्यूपी (आयएस ७१०) घ्यावे. शिक्का प्लायवर स्वतः पाहावा, लॅमिनेट चिकटवल्यावर तो दिसत नाही.

रनिंग फूट व चौरस फूट : पहिले फक्त लांबीचे माप, दुसरे लांबी गुणिले उंची. १० फूट लांब व अडीच फूट उंच काम म्हणजे १० रनिंग फूट, पण २५ चौरस फूट. समजा एकाने रनिंग फुटाला ३,००० रुपये सांगितले आणि दुसऱ्याने चौरस फुटाला १,५००. पहिल्याचे ३०,००० होतात, दुसऱ्याचे ३७,५००. दर निम्मा, बिल मात्र जास्त!

डॅडो : ओट्यामागच्या भिंतीवरील टाइल्स. स्कर्टिंग ही कपाटाच्या तळाशी जमिनीलगतची पट्टी.

सॉफ्ट क्लोज : दार किंवा खण आपटू न देणारी बिजागरी वा चॅनल. कंपनीचे नाव कोटेशनमध्ये लिहून घ्यावे.

ओट्याची उंची : साधारण ३३ ते ३६ इंच. रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला उभे करून, कोपराच्या चार-सहा इंच खाली ठरवावी.

सिलिंडरचे कपाट : एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तळाशी साचतो. म्हणून दाराला खालच्या बाजूस जाळी हवीच. सुतार 'दिसायला बरे नाही' म्हणाला तरी येथे तडजोड करू नये.

शेवटी, जीएसटी, वाहतूक व फिटिंग धरले आहे का, हे लेखी घ्यावे. आगाऊ रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी आणि शेवटचा हप्ता प्रत्येक खण उघडून पाहिल्यावरच.