नीलजिव्हा रोगाचा इतिहास : 1964ची नोंद आणि कोकणात उतरणारे कळप

महाराष्ट्रातील पशुरोगांच्या इतिहासात 1964 हे वर्ष महत्त्वाचे मानले जाते. त्या वर्षी सप्रे यांनी राज्यातील शेळ्या-मेंढ्यांत आढळलेल्या नीलजिव्हा रोगाचा अहवाल प्रसिद्ध केला आणि भारतातील या रोगाची ती पहिली नोंद ठरली. तथापि, नोंदीचे वर्ष म्हणजे रोगाच्या आगमनाचे वर्ष नव्हे.

या रोगाचा लिखित इतिहास दक्षिण आफ्रिकेत सुरू होतो, तोही तेथे नेलेल्या विदेशी मेंढ्या आजारी पडू लागल्यानंतर. केप वसाहतीतील पशुवैद्य हचिन यांनी 1902 मध्ये त्याला हिवतापाशी नाते सांगणारे नाव दिले. दमट हवा व रोग यांचा संबंध ध्यानात आला होता; कारण मात्र अज्ञात होते. रोगकारक विषाणू असल्याचे थायलर यांनी 1906 मध्ये दाखविले, आणि क्युलिकॉइडिस जातीची चिलटे तो वाहून नेतात हे द्यु टॉइट यांनी 1944 मध्ये सिद्ध केले. जेमतेम एक ते तीन मिलिमीटर लांबीच्या या कीटकाची केवळ मादी रक्त शोषते. शेण मिसळलेला ओला चिखल हे तिच्या अळ्यांचे आवडते स्थान.

भारतात हा रोग उशिरा ओळखला गेला, याची कारणे शोधणे कठीण नाही. तोंडाची सूज, लाळ, लंगडणे ही लक्षणे लाळ-खुरकताशी मिळतीजुळती आहेत. गाई-म्हशींच्या रक्तात विषाणू असूनही बहुधा लक्षणे दिसत नाहीत. म्हणजे रोगाचा साठा गोठ्यात आणि मृत्यू मेंढवाड्यात! शिवाय विलगीकरण व प्रतिपिंड-तपासणीतून भारतात या विषाणूचे वीसहून अधिक प्रकार आढळले आहेत. इतकी विविधता अलीकडच्या एखाद्याच आगमनाने स्पष्ट होत नाही.

या संदर्भात पनवेलचा परिसर विचारात घेण्याजोगा आहे. बोरघाटाच्या पायथ्यापलीकडचा हा सखल, खाडीकाठचा, भातशेतीचा प्रदेश. देशावरील धनगरांचे काही वाडे दिवाळीनंतर घाट उतरून कोकणपट्टीत येतात, खतासाठी खाचरांत मेंढ्या बसवितात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. या वेळापत्रकामागे चारा, खत व अतिवृष्टी ही कारणे प्रमुख आहेत. परंतु चिखल आणि चिलटे यांचा कोकणातील मुख्य हंगामही त्यामुळे टळतो. रोग टाळण्याचा अनुभव या प्रथेत मिसळला असणे शक्य आहे. तो केवळ योगायोग म्हणून बाजूला सारणे घाईचे होईल.

पुढे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या कार्यक्रमातून 1, 2, 10, 16 व 23 या पाच प्रकारांविरुद्ध निष्क्रिय लस तयार झाली. युरोपातही 2006 मध्ये हा रोग नेदरलँड्स, बेल्जियम व जर्मनीपर्यंत पोहोचला आणि तेथील स्थानिक चिलटांनीच तो पसरविला. प्रयोगशाळेचे दप्तर असे भरत गेले. धनगरांच्या आठवणींचे दप्तर मात्र कोणी उघडले नाही, आणि दरम्यान पनवेल तालुक्यातील खाचरांवर नवी मुंबईच्या वसाहती व 2025 मध्ये उद्घाटन झालेला विमानतळ उभा राहिला.