मशेरीच्या डबीपासून

शाळेबाहेर पोरं पुडी फाडताना दिसली की आपण लगेच म्हणतो, "आताची पिढी बिघडली." मंडळी, जरा मागे जाऊन बघूया.

तंबाखू मूळची आपली नाहीच. पोर्तुगीजांनी ती अमेरिकेतून आपल्या किनाऱ्यावर आणली. आपलं दाभोळ तेव्हा आदिलशाहीचं मोठं बंदर. त्याच आदिलशाहीच्या विजापुरात अकबराचा सरदार असद बेग याला तंबाखू मिळाली आणि १६०४-०५ च्या सुमारास त्याने ती बादशहापुढे ठेवली. हकिमांनी नको म्हटलं. १६१७ मध्ये जहांगिराने बंदी घातली. तंबाखू काही गेली नाही.

कोकणात ती पानाच्या डब्यात आली, बिडीत आली आणि बायकांच्या हाती मशेरी झाली. तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, सकाळी बोटाने दातांना लावायची. पोराची दाढ दुखली तर, "जरा मशेरी लाव, बरं वाटेल." तिला व्यसन कोणी म्हटलंच नाही, औषध म्हटलं. आजीला दोष नाही. तोंडाच्या कॅन्सरचं तिला सांगितलं होतं कोणी?

कायदे मात्र आले. १९९२ मध्ये दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी झाली, पण घरचा तवा चालूच राहिला. २००२ मध्ये राज्याने गुटखा बंद केला, २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती बंदी उठवली. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालच्यांना विक्री आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत दुकान, दोन्ही बंद. २०१२ मध्ये गुटखाबंदी पुन्हा आली. प्रत्येक वेळी नजर दुकानावर.

आता हे बघा. २०१९ मध्ये देशभरातल्या १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांची पाहणी झाली. त्यात खायची-लावायची तंबाखू घेतलेल्यांपैकी निम्म्या मुलांनी ती दहा वर्षांची व्हायच्या आधीच सुरू केली होती. बिडी-सिगारेट त्यानंतर.

दहा वर्षांचं पोर टपरीवर कशाला जातं? आजोबांची बिडी आणायला, बाबांची पुडी आणायला. त्याच्या हातात पुडी देणारा टपरीवाला कायदा मोडतो, हे खरं. पण पोराला पाठवलं कोणी?

शाळेत फलक लावा, टपऱ्यांवर कारवाई करा, जरूर करा. पण आज संध्याकाळपासून एक गोष्ट आपल्याच हातात आहे. "बाळा, जरा पुडी घेऊन ये" हे वाक्य आपल्या घरात बंद करूया.