फर्मान, पुराण आणि हरवलेला श्रोता : पोर्तुगीज गोव्यातील भाषालोपाचा फेरविचार

पोर्तुगीज हिंदुस्थानचा व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर याने २७ जून १६८४ रोजी एक फर्मान काढले. गोव्यातील लोकांनी आपली बोली सोडून द्यावी, तीन वर्षांच्या मुदतीत पोर्तुगीज आत्मसात करून तीच व्यवहारात वापरावी आणि धर्मगुरूंनी व शिक्षकांनी त्याच भाषेत शिकवावे, असा त्याचा आशय होता. परकीय सत्तेखाली मातृभाषा गमावण्याचा विषय निघाला की या फर्मानाचा हवाला हमखास दिला जातो. तो देण्यात काही गैर नाही. जगाच्या इतिहासात भाषाविषयक जुलमाचा इतका उघड लेख क्वचितच सापडतो. परंतु फर्मान हा सत्तेच्या इच्छेचा पुरावा असतो. ती इच्छा समाजात कितपत उतरली याचा पुरावा अन्यत्र शोधावा लागतो. हा भेद दृष्टिआड झाला, की राज्यकर्त्याने जे इच्छिले तेच घडले असे आपण नकळत मान्य करून बसतो.

तीन वर्षांची मुदत १६८७ साली संपली. कोंकणी संपली नाही. पुढे १७४५ साली आर्चबिशप लोरेन्सो द सांता मारिया यांना वधूवरांना पोर्तुगीज येत असल्याखेरीज त्यांचे लग्न लावू नये, अशी आज्ञा काढावी लागली. एकसष्ट वर्षांनी पुन्हा आज्ञा काढावी लागणे, आणि तीही लग्नासारख्या अटळ प्रसंगाला भाषेची अट जोडून, यातच पहिल्या आज्ञेचे अपयश नोंदले गेले आहे. १९६१ साली पोर्तुगीज राजवट संपली तेव्हाही ख्रिस्ती आणि हिंदू अशा दोन्ही समाजांच्या घरात, शेतात आणि बाजारात बोलली जाणारी भाषा कोंकणीच होती. साडेचारशे वर्षांच्या सत्तेला मुखातली भाषा काढून घेता आली नाही. मग गोव्याने गमावले ते नेमके काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार वाङ्मयव्यवहाराच्या अंगाने करावयाचा आहे.

त्यासाठी फर्मानाच्या सत्तर वर्षे मागे जावे लागते. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचे उर्वरित आयुष्य मुख्यतः साष्टीत गेले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे रोमी लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत आहे. मात्र त्या मराठीत कोंकणीचा आणि ख्रिस्ती धर्मव्यवहारातील परिभाषेचा सहज मेळ झालेला दिसतो. स्टीफन्स यांचीच कोंकणीतील ख्रिस्ती धर्मप्रश्नोत्तरी १६२२ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, निघाली, आणि त्यांचे कोंकणीचे व्याकरण १६४० मध्ये राचोललाच छापले गेले. फ्रेंच जेझुइट एतियेन द ला क्रुवा यांचे पीटरपुराण १६२९ पासून गोव्यात छापले जाऊ लागले. गोव्याच्या पाचव्या प्रांतीय धर्मपरिषदेने १६०६ साली स्थानिक भाषा न जाणणाऱ्या धर्मगुरूकडे धर्मग्राम सोपवू नये असे ठरविले होते. तेव्हा सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात चर्चचे अधिकृत धोरण स्थानिक भाषेला धरूनच होते.

या ग्रंथांच्या भाषांची वाटणी लक्षात घेण्यासारखी आहे. प्रश्नोत्तरी कोंकणीत आहे. पुराण मराठीत आहे. बोलीभाषा एक आणि काव्यशास्त्राची, पुराणश्रवणाची प्रतिष्ठित भाषा दुसरी, अशी द्विस्तरीय भाषाव्यवस्था धर्मांतरापूर्वीच्या गोव्यात प्रचलित होती. स्टीफन्स यांनी ती मोडली नाही, तिचा उपयोग करून घेतला. ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभी येणारा प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. जुनी पुराणे आम्हांला वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी नवे पुराण का देत नाही, असे एक नवख्रिस्ती श्रोता पाद्रीला विचारतो. या प्रश्नात एका श्रोतृसमाजाची मागणी व्यक्त झाली आहे. धर्म बदलला तरी ओवी ऐकण्याची सवय बदलली नव्हती. काव्य कोणत्या भाषेत, कोणत्या छंदात आणि कोणत्या ढंगाने कानी पडावे याविषयीच्या अपेक्षा जशाच्या तशा होत्या. ‘क्रिस्तपुराणा’चा खरा जनक हा श्रोता आहे, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरू नये.

हा श्रोता पुढे कोठे गेला, हा भाषालोपाच्या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे.

१६८४ च्या फर्मानामागे दोन कारणे एकत्र आली होती. पहिले कारण चर्चच्या आतले होते. स्थानिक भाषा शिकण्याचे ओझे फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना नकोसे झाले होते, आणि आपण भाषा शिकण्यापेक्षा लोकांनीच आपली भाषा शिकावी ही त्यांची भूमिका व्हाइसरॉयच्या पथ्यावर पडली. दुसरे कारण राजकीय होते. १६८३ च्या अखेरीस छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजा गोव्यात शिरल्या होत्या, आणि त्या स्वारीत राजधानी वाचविण्याची धडपड करणारा व्हाइसरॉय हाच कोंदे द आल्व्होर होता. स्वारी ओसरून सहा महिनेही होत नाहीत तोच हे फर्मान निघते. साष्टी-बारदेशातील ख्रिस्ती प्रजेला आणि सरहद्दीपलीकडील शत्रूला परस्परांचे बोलणे समजत होते. ही समजूत सत्तेला धोकादायक वाटली असावी, असा तर्क त्यावरून करता येतो. असे असेल, तर भाषाबंदीचे लक्ष्य व्याकरण किंवा शब्दसंग्रह नव्हते. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना जोडणारा संवाद हे तिचे लक्ष्य होते.

फर्मान मुखापर्यंत पोहोचले नाही, पण पानापर्यंत पोहोचले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यातील देशी भाषांचे मुद्रण थांबले, आणि पुढे मुद्रणकलाच तेथून नाहीशी झाली. छापखाना पुन्हा सुरू झाला तो १८२१ साली, आणि तोही सरकारी पोर्तुगीज मजकुरासाठी. १५५६ साली हिंदुस्थानातील पहिला छापखाना ज्या भूमीवर आला, तिच्याकडे जवळजवळ दीड शतक छपाईचे साधनच नव्हते. मधल्या काळात इन्क्विझिशनचा १७३६ चा जाहीरनामा निघाला. लग्नविधी, वेश, आहार आणि गाणी यांत उरलेल्या जुन्या चालीरीती ख्रिस्ती घरांतून हद्दपार करण्याचा त्यात प्रयत्न होता. भाषा ज्या प्रसंगांनी सजते, ते प्रसंगच अशा रीतीने निषिद्ध ठरले. कोंकणी उरली, मात्र ती स्वयंपाकघर, कुळागर आणि मासळीबाजार यांची भाषा म्हणून. मराठी मात्र ख्रिस्ती घरांतून गेली ती कायमची. सतराव्या शतकात ओवीबद्ध मराठी पुराण ऐकणाऱ्या समाजाच्या वंशजांना विसाव्या शतकात मराठी ही हिंदू शेजाऱ्याची भाषा वाटू लागली. गोव्याच्या ख्रिस्ती समाजाने गमावली ती बोलण्याची भाषा नव्हे, तर वाचनाची आणि श्रवणाची भाषा. तिच्याबरोबर गेली ती आपल्याच वाङ्मयाची आठवण.

‘क्रिस्तपुराणा’च्या प्रतींचा इतिहास या विधानाला पुष्टी देतो. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघूनही त्यांपैकी एकाही आवृत्तीची छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून, आणि मुख्यतः गोव्याबाहेर. छळ, कर आणि युद्ध यांना कंटाळून जे ख्रिस्ती कुटुंबकबिले दक्षिणेला कानडा मुलखात गेले, त्यांनी आपल्याबरोबर पुराणाच्या पोथ्या नेल्या. १९०७ साली जे. एल. सालदान्य यांनी मंगळूरला या ग्रंथाची आवृत्ती काढली ती अशाच हस्तलिखितांच्या आधारे. पोर्तुगीज सत्तेचा हात जेथे पोहोचला नाही, तेथे पोर्तुगीज अमदानीतला हा ग्रंथ जगला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच क्रम पुन्हा दिसतो. कोंकणीचे पहिले नियतकालिक ‘उदेंतेचें साळोक’ १८८९ साली निघाले ते पुण्यात. कोंकणी तियात्राचा आरंभ १८९२ साली ‘इतालियन भुरगो’ने झाला तो मुंबईत. मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगाद यांचा कोंकणी-पोर्तुगीज शब्दकोश १८९३ साली प्रसिद्ध झाला तोही मुंबईतच. वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, म्हणजे शणै गोंयबाब, यांनी कोंकणी गद्याची घडी बसविली ती मुंबईत राहून. मायभूमीत घर नाकारलेल्या भाषेने आपला लेखनव्यवहार परमुलखात थाटला. नोकरीसाठी मुंबई गाठणारा खलाशी, आचारी आणि वाजंत्री हा या नव्या वाङ्मयाचा पहिला प्रेक्षक होता. स्टीफन्स यांच्या श्रोत्याचा तो दूरचा वंशज. पण आपल्या पूर्वजाने काय ऐकले होते, याची त्याला गंधवार्ता नव्हती.

गोव्यात राहिलेल्या सुशिक्षित ख्रिस्ती वर्गाची गोष्ट वेगळी झाली. त्याने पोर्तुगीज खरोखरच आत्मसात केली आणि तीत वाङ्मयही निर्माण केले. फ्रान्सिस्को लुईस गोमिश यांची ‘ओश ब्राह्मणेश’ ही कादंबरी १८६६ ची. त्यानंतर तीस वर्षांनी, १८९६ साली, ‘जीप’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या फ्रान्सिस्को जुआंव द कोश्त यांनी ‘जाकोब इ दुल्से’ लिहून मडगावच्या उच्चभ्रू समाजाच्या पोर्तुगीज अनुकरणाची रेवडी उडविली. ही उपहासिका पोर्तुगीजमध्येच आहे. ज्या भाषेच्या सोसाची थट्टा करावयाची, तीच भाषा लेखकाला थट्टेसाठी वापरावी लागते, आणि वाचकही तिचाच. त्रिस्तांव द ब्रागांस कुन्य यांनी १९४४ साली गोमंतकीयांच्या विराष्ट्रीयीकरणावर घणाघाती पुस्तिका लिहिली ती इंग्रजीत. स्वभाषेच्या लोपाविषयीचे चिंतनही परभाषेतच व्हावे, ही लोपाची खरी खूण होय. तक्रार करावयाची तर तिच्यासाठी गद्य लागते, परिभाषा लागते, वाचक लागतो. आणि नेमके हेच गोव्याच्या ख्रिस्ती समाजाकडे स्वभाषेत उरले नव्हते.

पोर्तुगीज सत्तेखाली मुखातली भाषाच बदलल्याचे उदाहरण मुळीच नाही असे नाही. ते महाराष्ट्रात, चौलजवळच्या कोर्लई गावात आहे. तेथील ख्रिस्ती वस्तीत आजही सुमारे हजारभर लोक पोर्तुगीजपासून घडलेली, ‘नो लिंग’ म्हणजे ‘आपली भाषा’ या नावाने ओळखली जाणारी मिश्रभाषा बोलतात. जे. क्लॅन्सी क्लेमंट्स या भाषावैज्ञानिकाचे तिच्यावरील पुस्तक १९९६ साली प्रसिद्ध झाले. तेथे भाषा बदलली ती फर्मानामुळे नव्हे. किल्ल्याच्या आश्रयाने जगणारी शिबंदी आणि सेवकवर्ग, मिश्रविवाह, आणि धर्मांतरामुळे जातिसमाजापासून आलेले तुटलेपण यांनी ती बदलली. चौल १७४० साली मराठ्यांच्या ताब्यात गेले, पोर्तुगीज निघून गेले, तरीही भाषा राहिली, कारण सामाजिक वेगळेपण राहिले. गोव्यात असे तुटलेपण आले नाही. भाटकार ख्रिस्ती असो वा हिंदू, त्याला कुळाशी कोंकणीतच बोलावे लागे. कोर्लईकडून मिळणारा धडा असा, की मुखातली भाषा टिकते किंवा जाते ती रोजच्या देवघेवीच्या बळावर. फर्मान ज्यावर खरा घाव घालते, ते क्षेत्र पुस्तक, शाळा आणि प्रतिष्ठा यांचे असते.

या घावाची जाणीव सर्वप्रथम एका पोर्तुगीज अधिकाऱ्यालाच झाली, हे नमूद करावयास हवे. सरकारचे मुख्य सचिव म्हणून गोव्यात आलेल्या कुन्य रिव्हार यांनी १८५७-५८ या काळात स्टीफन्स यांचे व्याकरण पुन्हा छापले आणि कोंकणीच्या इतिहासावर दीर्घ निबंध लिहिला. भाषाबंदीची कागदपत्रे उजेडात आली ती त्यातून. पुढे अ. का. प्रियोळकरांनी मुद्रणाच्या आणि इन्क्विझिशनच्या इतिहासावर जे लेखन केले, त्यालाही या सामग्रीचा मोठा आधार मिळाला.

लोपाचे परिणाम राजवटीबरोबर संपले नाहीत. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रातील विलीनीकरण नाकारले. साहित्य अकादमीने १९७५ साली कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली, मराठीच्या सरकारी वापराची तरतूद झाली आणि कोंकणी म्हणजे देवनागरीतील कोंकणी असे ठरले. १९९२ साली ती आठव्या परिशिष्टात आली. या सर्व घडामोडींत कोंकणी-मराठी आणि देवनागरी-रोमी हे वाद धगधगत राहिले. या वादांना सद्यःकालीन राजकारण कारणीभूत आहेच. परंतु एकच बोली बोलणाऱ्या दोन समाजांना एक समान पान सापडू नये, याचे मूळ त्या दीड शतकाच्या मुद्रणशून्य काळात आहे. रोमी लिपीत मराठी ओवी छापणारे राचोल विस्मृतीत गेल्यामुळे लिपी धर्माला आणि भाषा जमातीला जखडली गेली.

मराठी वाङ्मयेतिहासानेही यातील आपला वाटा ओळखावयास हवा. आपण स्टीफन्स यांची आठवण काढतो ती बहुधा त्यांनी केलेल्या मराठीच्या गौरवासाठी. एका परदेशी माणसाने आपली भाषा वाखाणली, याचे आपल्याला अप्रूप वाटते. त्यांच्यासमोर बसलेला साष्टीचा श्रोता मात्र आपल्या इतिहासात कोठेच येत नाही. तो मराठी ऐकत होता, ख्रिस्ती होता आणि घरी कोंकणी बोलत होता. या तीन गोष्टी एकाच माणसाच्या ठिकाणी नांदू शकतात, हे पुढच्या काळात गोव्यालाही पटेनासे झाले आणि महाराष्ट्रालाही. ‘क्रिस्तपुराणा’चा अभ्यास करताना ग्रंथकाराबरोबर या श्रोत्याचाही शोध घेतला गेला, तर भाषालोपाच्या इतिहासाला फर्मानापलीकडचा, अधिक विश्वसनीय आरंभबिंदू मिळेल.