अजिंठ्याची काजळी, लंडनची आग

सीएसएमटीला उतरणारा डोंबिवलीकर रोज ज्या दगडी पानाफुलांखालून आणि प्राण्यांखालून जातो, त्यांच्या घडणीत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. याच स्कूलची मुलं १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होती. पेस्तनजी बोमनजी हे त्यांच्यातलं ठळक नाव. अजिंठ्याच्या भिंती काळवंडल्या कशा, याचा धागा थेट त्या नकलांपर्यंत पोचतो.

रूढ उत्तर एकच: धूर. ओस पडलेल्या लेण्यांत बैराग्यांनी चुली पेटवल्या, वटवाघळांनी घाण केली. हे खोटं नाही. पण नुसती काजळी वरवर बसते, तोवर ती उतरवायची आशा असते. घात झाला तो त्यानंतर. चित्रं स्पष्ट दिसावीत म्हणून नकला करणाऱ्यांनी मूळ भिंतींवरच व्हार्निश फासलं. रंग उठून दिसले, नकला झाल्या, व्हार्निश मात्र भिंतीवरच राहिलं. वर्षं जातील तसं ते पिवळं-तपकिरी पडलं आणि खालचा मळ त्यात कोंडला गेला.

आणि ज्या नकलांपायी हे सगळं झालं, त्यांचं काय झालं? त्याआधी रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्यात वर्षानुवर्षं राहून केलेली तैलचित्रं डिसेंबर १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जवळजवळ सगळी गेली. त्यामुळेच तर जेजेच्या मुलांनी पुन्हा कुंचले हाती घेतले. त्यांचंही काम लंडनला गेलं आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाच्या आगीत त्यातलं पुष्कळ जळालं. वाचलेलं आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

१९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी यांना बोलावलं. त्यांनी सुटू लागलेला गिलावा पुन्हा भिंतीला धरवला, हे उपकारच. पण चित्रांवर त्यांनीही चपडा लाखेचा लेप चढवला.

व्हार्निश तर पारदर्शक, काळेपणा धुराचाच, असं धूरवादी म्हणतात. मग पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना विद्रावक लावून आधी लाखेचा पिवळट थर का काढावा लागला? तो निघाला तिथे खालचे रंग उजळ निघाले. दोष निम्मा-निम्मा वाटायचा म्हटला, तरी धुराच्या वाट्याला आजवर जास्तच आला आहे.

घरात आग लागून चित्र काजळलं, तर संवर्धक अजिंठ्यात चुकलेला क्रम जपतात: आधी मळ, मग व्हार्निश. ओला फडका लावत नाहीत, कारण त्याने तेलकट काजळी रंगात मुरते. आधी मऊ, कोरड्या स्पंजने ती टिपतात. व्हार्निशचा विचार सगळा मळ निघाल्यावर.