फलटणची रिक्षा आणि नातवाची स्कूटर

परवा नातवाने विजेवरची नवी स्कूटर सांगलीच्या घरी दारात आणून उभी केली. हातावर पेढा ठेवत म्हणाला, "आजोबा, आवाजच नाही हिला!" मी विचारलं, "पुराच्या पाण्यात टिकेल का रे?" सगळे हसले. पण सांगलीकराने हे विचारू नये तर कुणी?

मंडळी, आपल्या भागापुरती या गाड्यांची कुळकथा सातारा जिल्ह्यात, फलटणला सुरू होते. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस सायकल रिक्षाला बॅटरी आणि मोटर जोडली. देशातल्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक. (ही निंबकर मंडळी म्हणजे इरावतीबाई कर्व्यांच्या लेकीचं, जाई निंबकरांचं घर. आम्हा मराठीवाल्यांना ती ओळख आधी.) मला त्या कामातली दुसरीच गोष्ट जास्त भावते. जुन्या सायकल रिक्षाला ब्रेक फक्त पुढच्या चाकाला. भरलेली रिक्षा उताराला थांबवायची कशी? यांनी साध्या पायडल रिक्षालासुद्धा मागच्या चाकांना ब्रेक दिले, गिअर बसवले, वजन उतरवलं. तसं करा म्हणून सांगणारा नियम नव्हता.

नियम आले फार उशिरा. दिल्लीत ई-रिक्षांची झुंबड उडाली, ना नोंदणी ना परवाना. जुलै २०१४ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने बंदी घातली, तेव्हा कुठे ऑक्टोबरात नियम निघाले: वेग ताशी २५ किलोमीटर, प्रवासी चार, सामान ४० किलो. २०१५ मध्ये कायदाही बदलला.

स्कूटरचंही तेच! मार्च २०२२ मध्ये पुण्यात भर रस्त्यात एक स्कूटर पेटली. त्याच सुमारास वेल्लोरला चार्जिंगला लावलेली गाडी पेटून घरातले बापलेक गेले. मग समिती बसली आणि 'एआयएस १५६' हे मानक कडक झालं. १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झालं. एक सेल तापला तर त्याची आग शेजारच्या सेलांत पसरू नये, धोका होताच गाडीने इशारा द्यावा, चार्जिंग आपोआप थांबावं, असं बरंच त्यात आहे. बॅटरीत पाणी शिरू नये याचीही चाचणी आहे: एक मीटर पाण्यात अर्धा तास.

अर्धा तास! ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ असताना. आमच्या गल्लीतलं पाणी हलायला काही दिवस लागले, आणि ते पाणी गाळाचं. नियम करणाऱ्यांना दोष देत नाही, चाचणीला कुठेतरी माप हवंच. पण पूर ओसरल्यावर भिजलेली गाडी घरात घेऊन उत्साहाने चार्जिंगला लावणारा कुणीतरी निघणारच, आणि आत शिरलेलं पाणी नंतरही घात करतं. हे गाडी विकताना कुणी समजावून सांगत नाही. नातवालाही सांगितलं नव्हतं.

आता घरात ठरलंय, नदी चढू लागली की पहिली स्कूटर मिरजेला मावशीकडे जाणार. चार्जर माळ्यावर, माझ्या पुस्तकांच्या शेजारी.