धोतरावर कोट कोणता घालावा? किल्टकडून शिका ही एक गोष्ट

लग्नसराईत पुण्याच्या लक्ष्मी रोडवर धोतर पटकन मिळतं. पण त्यावर कोट कोणता, इथे नवरदेव अडतो. घरातला सुटाचा कोट चालेल का?

हाच प्रश्न स्कॉटलंडमध्ये किल्ट घालणाऱ्यांनाही पडतो. किल्ट म्हणजे कमरेभोवती गुंडाळायचं चुण्यांचं लोकरी वस्त्र. त्यावर सुटाचा लांब कोट घातला, तर पुढे लटकणारी 'स्पॉरन' ही पिशवी झाकली जाते. म्हणून किल्टचे कोट आखूड असतात. कमरेशी संपणारा 'प्रिन्स चार्ली' संध्याकाळच्या समारंभाला घालतात, तर साधा 'अर्गाइल' दिवसाही चालतो.

म्हणजे आधी खालचं वस्त्र बघायचं, मग कोटाची उंची ठरवायची. धोतराची शोभा निऱ्यांत असते.

रिसेप्शन: बंद गळ्याचा आखूड कोट घ्या, निऱ्या दिसतात. अभिजित बॅनर्जी यांनी २०१९ मध्ये नोबेल स्वीकारताना धोतरावर असाच काळा कोट घातला होता.

पारंपरिक थाट: लांब अंगरखा आणि उपरणं. लोकमान्य टिळकांचा हाच वेश होता.

दुपारचा मुहूर्त: कुर्त्यावर बिनबाह्यांचं जाकीट. उकडत नाही, पुन्हा वापरताही येतं.

शिंप्याकडे ट्रायलला जाताना धोतर नेसूनच जा आणि तिथे एकदा खाली बसून बघा. मागे काष्ट्यामुळे कोट वर चढत असेल, तर पाठीला कट ठेवायला सांगा. पँटवर घेतलेलं माप धोतरावर फसतं!