नाव, पुरावा आणि पाठ्यपुस्तक

नोव्हेंबर २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्य शिक्षण मंडळाने बालवाडी ते आठवी या इयत्तांसाठी इतिहास व सामाजिक शास्त्रांचे दहा पाठ्यपुस्तक-संच मान्य केले आणि हाउटन मिफ्लिन हारकोर्ट या प्रकाशनसंस्थेचे दोन संच नाकारले. समलिंगी व्यक्तींच्या इतिहासाविषयी राज्याच्या २०११ च्या कायद्याने ठेवलेली अपेक्षा या संचांनी पूर्ण केली नव्हती. पाठ्यपुस्तक नाकारले जाणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. लक्षणीय आहे तो त्या वेळचा वाद. ऐतिहासिक व्यक्तींच्या लैंगिकतेचा निर्देश का नाही, या प्रश्नाला प्रकाशकांच्या बाजूने आलेले उत्तर थोडक्यात असे होते : ‘गे’, ‘लेस्बियन’ ही अभिधाने आजची आहेत, गतकाळातील आयुष्यांवर ती नीट बसतीलच असे नाही. समीक्षेच्या अभ्यासकाला हे उत्तर ओळखीचे वाटेल. ते आपल्याच घरातले आहे.

मिशेल फुको यांनी १९७६ मध्ये असे प्रतिपादन केले की, पूर्वी निषिद्ध होते ते कृत्य. ते करणाऱ्या माणसाचा एक स्वतंत्र प्रकार घडवला तो एकोणिसाव्या शतकातील वैद्यकाने. १९८० मध्ये जॉन बॉसवेल यांनी मध्ययुगीन ख्रिस्ती युरोपाविषयी लिहिताना ‘गे’ हा शब्द निःसंकोच वापरला आणि कालविपर्यासाचा आरोप ओढवून घेतला. डेव्हिड हॅल्परिन यांनी १९९० मध्ये फुकोंची भूमिका प्राचीन ग्रीसच्या वाचनापर्यंत नेली. वर्गीकरणे सत्तेच्या व्यवहारातून कशी घडतात हे उघड करणे, हा या साऱ्या विवेचनाचा हेतू होता. पाव शतकानंतर त्याच विवेचनाचा निष्कर्ष पाठ्यपुस्तकातील मौनाच्या समर्थनार्थ उभा राहतो, हे सिद्धान्ताच्या प्रवासाचे मोठे विचित्र उदाहरण होय. ईव्ह सेजविक यांनी हा धोका १९९० सालीच ओळखला होता. त्या काळी या गोष्टीला भाषाच नव्हती, सबब तिला अर्थही नव्हता, अशा धाटणीच्या पळवाटांची त्यांनी उपरोधाने यादीच दिली आहे.

या युक्तिवादाची कसोटी वॉल्ट व्हिटमनवर घेता येते. ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’च्या १८६० च्या तिसऱ्या आवृत्तीत पुरुषापुरुषांतील स्नेहाच्या ४५ कवितांचा ‘कॅलमस’ हा गुच्छ प्रथम आला. (आपल्या दंडसंहितेचे कलम ३७७ हेही १८६० चेच, हा निव्वळ योगायोग.) ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता. तो छापला गेला १८६९ मध्ये, कार्ल मारिया केर्टबेनी यांच्या पत्रकांत. आणि तोही कोणा वैद्याच्या लेखणीतून उतरला नव्हता, प्रशियाच्या दंडविधानाला विरोध करताना तो घडवला गेला होता. मग व्हिटमनजवळ भाषा नव्हती काय? होती. कवटीच्या ठेवणीवरून स्वभाव सांगणाऱ्या तत्कालीन ‘फ्रेनॉलॉजी’तून त्याने ‘अ‍ॅडहेसिव्हनेस’ हा शब्द उचलला आणि त्याला पुरुषांच्या परस्परप्रेमाचा अर्थ दिला. १८९० मध्ये इंग्रज विद्वान जॉन अ‍ॅडिंग्टन सिमंड्स यांनी ‘कॅलमस’चा अर्थ त्याला पत्राने स्पष्टच विचारला. वृद्ध कवीने तो अर्थ झिडकारला आणि आपल्याला सहा मुले झाल्याचे कळवले. त्या मुलांचा माग आजवर कुणालाही लागलेला नाही.

आता या सामग्रीपुढे पाठ्यपुस्तकाने काय करावे? व्हिटमनच्या नावापुढे ‘समलिंगी कवी’ एवढेच लिहिले, तर १८६० चा शब्द, १८६९ चा शब्द आणि १८९० चा नकार हे तिन्ही पुसले जातात. काहीच लिहिले नाही तरीही नेमके तेच पुसले जाते. माझ्या मते शिकवण्याजोगा इतिहास या तीन तारखांमध्येच आहे. अकरावीच्या विद्यार्थ्याला तो समजणार नाही, असे मानण्याचे कारण दिसत नाही.

शिवाय प्रकाशकांचा संकोच निवडक आहे. कोणाची पत्नी कोण, अपत्ये किती, हे इतिहासाची पुस्तके बिनदिक्कत सांगतात. वस्तुतः ‘विवाह’, ‘पत्नी’ या संज्ञाही काळानुसार बदललेल्या आहेत. पण तिथे कालविपर्यासाची शंका कुणाला येत नाही. जेन अ‍ॅडम्स यांनी १८८९ मध्ये शिकागोत ‘हल हाउस’ स्थापन केले, १९३१ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, हे सांगायचे. मेरी रोझेट स्मिथ यांच्याशी असलेले त्यांचे दीर्घ, स्मिथ यांच्या मृत्यूपर्यंत टिकलेले साहचर्य तेवढे ‘खासगी’ म्हणून सोडायचे. हा भेद पद्धतिशास्त्रातून आलेला नाही.

तो आला कोठून, हे पाहायचे तर थोडे मागे जावे लागते. १९७८ मध्ये सिनेटर जॉन ब्रिग्ज यांनी समलिंगी शिक्षकांना आणि समलिंगी आचरणाचा पुरस्कार करणाऱ्यांना सरकारी शाळांतून काढता यावे यासाठी कॅलिफोर्नियात सार्वमत घडवून आणले. सुमारे ५८ टक्के मतदारांनी तो प्रस्ताव फेटाळला. त्याविरुद्ध झुंजलेले सॅन फ्रान्सिस्कोचे नगरप्रतिनिधी हार्वी मिल्क यांची अवघ्या वीस दिवसांनी हत्या झाली. ब्रिटनमध्ये १९८८ च्या ‘कलम २८’ने स्थानिक संस्थांना समलैंगिकतेला ‘प्रोत्साहन’ देण्यास मनाई केली. त्या कलमाखाली एकही शिक्षा झाली नाही. पण शिक्षक स्वतःहून गप्प बसले, आणि ते कलम इंग्लंड-वेल्समध्ये २००३ पर्यंत टिकले. ज्यांनी हे मौन भोगले त्यांनी पुढे नावाचा आग्रह धरला, यात नवल नाही.

तरीही २०११ च्या कायद्याची शब्दयोजना मला अडचणीची वाटते. विविध समूहांच्या ‘भूमिका आणि योगदान’ यांचा अभ्यास शाळेत व्हावा, असे सांगणाऱ्या जुन्या यादीत तो समलिंगी व ट्रान्सजेंडर अमेरिकनांची भर घालतो. ‘योगदान’ म्हटले की इतिहास गौरवग्रंथाच्या अंगाने जातो. कर्तबगार तेवढे आत येतात. ज्यांच्याविषयी फक्त पोलिसांची नोंद उरली ते बाहेर राहतात. आणि गौरवच करायचा तर पात्रतेचा वादही ओघाने आला. २०२३ मध्ये टेमेक्युला येथील शाळा मंडळाने मिल्क यांच्या उल्लेखावरून एक अभ्यासक्रम आधी नाकारला आणि राज्यपालांनी दंडाचा इशारा दिल्यावर स्वीकारला, तो याच वळणाचा वाद होता.

राज्याच्या २०१६ च्या अभ्यासक्रम-आराखड्यात याहून बरी वाट एका जागी सापडते, आणि तीही चौथीसारख्या लहान इयत्तेसाठी. कॅलिफोर्नियाच्या सुवर्णशोधाच्या काळात चार्ली पार्कहर्स्ट या नावाची एक व्यक्ती घोडागाड्या हाकण्यात नामांकित होती. १८७९ मध्ये मृत्यू झाल्यावर तिचा देह स्त्रीचा असल्याचे आढळले. (‘तिचा’ हे सर्वनाम मी ‘व्यक्ती’ या शब्दाच्या आडोशाने वापरतो आहे. मराठी क्रियापद तर ‘हाकत होता’ की ‘हाकत होती’ याचा निर्णय केल्यावाचून पुढे सरकूच देत नाही.) ती व्यक्ती स्त्री म्हणून जन्मली आणि पुरुष म्हणून जगली, एवढेच तिथे सांगितलेले आहे. चार्लीने स्वतःला काय म्हटले असते, हे सांगणारे एकही पत्र मागे नाही. नाव मात्र आहे, आणि ते त्याने स्वतः घेतलेले आहे.